वरचा मजला : रिकामा

आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर कोणीही राहत नाही. हे मी गेली बारा वर्षं नगरपालिकेला स्वतःच्या हाताने लिहून देत आले आहे, आणि गेली बारा वर्षं त्या वरच्या मजल्यावर मीच राहते आहे.

हसा, हसायला हरकत नाही. मीही हसायचे.

खाली गाद्या-उशांचं दुकान आहे. इमारत दुकानाच्या नावावर आणि दुकान माझ्या दिराच्या नावावर. आमचे हे थोरले, पण ते तरुणपणीच कारखान्यात नोकरीला गेले आणि सासऱ्यांनी दुकान धाकट्याच्या हाती दिलं. “गादीवर धाकटा बसला,” असं हे म्हणायचे, आणि आमच्याकडे ते शब्दशः खरं होतं. पुढे कारखाना बंद पडला तेव्हा आम्ही दोघं तीन ट्रंका घेऊन इथे आलो. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सामानही बेताचंच. वरच्या दोन खोल्या तेव्हा खरोखरच रिकाम्या होत्या आणि घरपट्टीच्या कागदावरही तशाच लिहिलेल्या होत्या, कारण रिकाम्या जागेला पट्टी निम्मी बसते. आमचे हे म्हणाले, “दोन महिन्यांपुरते तर आलोय, उगाच कागद कशाला हलवायचा?” तात्पुरतं म्हणून जे जे केलं जातं ते माणसाला पुरून उरतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

माझं अक्षर सुरेख आहे. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसऱ्या कोणी सांगितलं की त्यामागे काम असतं. आल्या वर्षीच माझ्या जावेने ते हेरलं. “ताई, तुमचं अक्षर म्हणजे नुसतं मोती हो! घरपट्टीचा फॉर्म तुम्हीच भरा ना.” भरला. मग दरवर्षी भरला. आधी पेन्सिलने कच्चा, मग शाईने पक्का. मालकाचं नाव, तळमजला, वापर दुकान. वरचा मजला, वापर काही नाही, स्थिती रिकामा. खाली ‘मालकाकरिता’ असं छापलेल्या रेघेवर सहीही मीच ठोकायची, कारण दिराला गिऱ्हाईक सोडून कागदापाशी बसवत नाही. आमच्या घरात कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. अक्षराचं कौतुक झालं की मी चार दिवस खुशीत असायचे, असा माझा मूर्खपणा.

तर तीन वर्षांतून एकदा नगरपालिकेचं माणूस पाहणीला येतं. त्या दिवसाची आमची एक रीत ठरून गेली होती. पडदे काढायचे, कारण रिकाम्या घराला पडदे नसतात. काचांवर आतून वर्तमानपत्रं चिकटवायची. दोरीवरचे कपडे आत, चपला आत, पायपुसणं आत. पंखा बंद, दिवा बंद. नळाला हात लावायचा नाही, कारण आमचा नळ सोडला की भिंतीतला पाइप म्हाताऱ्यासारखा कण्हतो. मग आम्ही दोघांनी आत बसायचं आणि दिराने बाहेरून कुलूप लावायचं.

पहिल्या दोन पाहण्यांना आम्ही दोघं होतो. दाराशीच फरशीवर बसून पत्ते खेळायचो, एक अक्षर न बोलता. हे उघड उघड लबाडी करायचे, कारण मला ओरडता येणार नाही हे त्यांना पक्कं माहीत! एकदा ऐन वेळी त्यांना उचकी लागली. बाहेर माणूस जिन्यावर, आत यांची उचकी. शेवटी त्यांनी दुकानातलीच एक उशी तोंडावर दाबून धरली आणि मी हसू दाबता दाबता रडकुंडीला आले. आपल्याच घरात आपण चोरासारखे लपून बसलो आहोत, असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही. मजा वाटायची. सांगताना आज लाज वाटते, पण वाटायची.

मग हे गेले. त्यानंतरच्या पाहणीला मी एकटी आत बसले. पत्ते काढलेच नाहीत. त्याला तीन वर्षं झाली, आणि आज पुन्हा पाहणी होती.

आता कालचं सांगते. काल संध्याकाळी दुकानाच्या काउंटरवर मी यंदाचा फॉर्म भरत होते. यंदा छापील फॉर्मात एक रकाना नवा आहे, ‘रिकाम्या भागाचा पुढील वापर’. मी दिराला विचारलं, “भाऊजी, इथे काय लिहू?”

तो एका गिऱ्हाइकाला गादीची जाडी दाखवत होता. मान न वळवता म्हणाला, “गोदाम लिहा.”

“काय?”

“गोदाम, वहिनी. माल ठेवायला जागा कुठे उरलीय? उद्या पाहणी झाली की परवानगी मिळते. पंधरा दिवसांत वर माल चढवू.”

“आणि मी?”

“तुम्हाला मागची खोली देतो ना साफ करून. तुमचेच गुडघे दुखतात, जिना नको आणि काही नको.”

मागची खोली म्हणजे जिथे पूर्वी कापूस पिंजायचे ती. तिला खिडकी नाही. दार उघडलं तर उजेड, लावलं तर अंधार. तिथे सध्या फाटक्या खोळी आणि उंदीर मारायचं औषध असतं. जाऊ शेजारीच उभी होती. तिने मोठ्या मायेने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “आम्हाला तुमचीच काळजी हो, ताई.” ज्याची काळजी करायची त्याला आधी विचारायचं असतं, हे तिला कोणी शिकवलेलं नाही.

तुम्ही विचाराल, मग तुम्ही काय केलंत? लिहिलं. ‘गोदाम’ असं लिहिलं, नीट, रेघेवर, काना-मात्रेसकट. हात आपला चालत गेला. लिहून झाल्यावर मी त्याच्याकडे बघत बसले, आणि अक्षर चांगलं आलं आहे असं माझ्या मनात आलं. या बाईला काय म्हणावं?

आज सकाळी साडेदहाला दिराने जिन्याखालून हाक मारली, “चला वहिनी, आवरा.” मी आवरलं. पडदे काढले, वर्तमानपत्रं लावली. मनात म्हटलं, पाहणी होऊन जाऊ दे, मग निवांत बोलू याच्याशी. तो वर आला, दार ओढलं, कुलूप खटकन बसलं. आणि त्या आवाजासरशी माझी ट्यूब पेटली. पाहणी झाल्यावर बोलायचं काय? आजच्या कागदावर शिक्का पडला की या खोल्यांत कोणी राहत नाही हे कायमचं ठरलं. इथे राहते याचा माझ्याकडे पुरावा कुठला? पत्रं दुकानाच्या पत्त्यावर येतात, वीज दुकानाच्या मीटरवर चालते, मतदारयादीत मी तळमजल्यावर आहे. आणि कोणी राहत नाही याचा पुरावा मात्र बारा वर्षांचा, एकाच सुरेख अक्षरात.

मी दार ढकललं. कुलूप दणकट होतं. आम्हीच घेतलं होतं, पारखून.

अकराच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. दाराखाली दोन बोटांची फट आहे. मी फरशीवर गाल टेकून बघितलं. दिराच्या चपला, आणि त्यांच्यामागे कॅनव्हासचे बायकी बूट. या वेळी बाई आली होती.

“इथे कुलूप दिसतंय,” बाई म्हणाली. आवाज घोगरा, दमलेला. “किल्ली?”

“किल्ली भावाकडे असते, मॅडम,” दीर म्हणाला. “तो बाहेरगावी असतो.”

“एकटेच?”

“नाही नाही, नवरा-बायको दोघंही तिकडेच. वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी येतात. वहिनीला तिकडची हवा मानवली.”

ज्या भावाचा मृत्यूदाखला याने स्वतः रांगेत उभं राहून आणला, त्या भावाला याने एका वाक्यात जिवंत करून परगावी पाठवलं होतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगू? त्या रागाच्या पोटात मला एकदम गोड वाटलं. क्षणभर मी त्या गावी जाऊनच आले. दोन खोल्या, हे वर्तमानपत्र पसरून नखं कापत बसलेले, मी ओरडते आहे की कापलेली उचला. हवा मानवलेली. असं कोणी खरंच लिहून दिलं असतं तर मी मुकाट्याने ती खोलीच काय, अख्खी इमारत सोडली असती.

“ठीक आहे,” बाहेर बाई म्हणाली. “म्हणजे बंद आणि रिकामा. वापर बदलून गोदाम मागितलंय. तशी शिफारस लिहिते.” आणि फळीवर कागद ठेवून तिचं पेन चालू लागलं. ते मला आत ऐकू येत होतं.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. त्या जागी, त्या फरशीवर, पाहणीच्या वेळी आवाज करायचा नाही हे बारा वर्षांत अंगात इतकं भिनलं होतं की घसा हुकूम ऐकेना. हात मात्र ऐकत होता. उशाशी कालचा पेन्सिलने भरलेला कच्चा फॉर्म पडला होता. तो उलटा केला आणि लिहिलं, ‘या मजल्यावर मी राहते. आत्ताही आत आहे.’ आणि दाराखालून सरकवला.

कॅनव्हासचे बूट एक पाऊल मागे गेले. मग बाई वाकली, कागद उचलला गेला.

 मग कागद उलटल्याचा आवाज आला, आणि अजून एक कागद उलटल्याचा.

“हा फॉर्म कोणी भरला?” तिने विचारलं.

“मीच... म्हणजे आमच्या दुकानातून...”

“या फॉर्मातलं अक्षर आणि या चिठ्ठीतलं अक्षर एकच आहे. ‘रिकामा’ लिहिणारा आणि ‘राहते’ लिहिणारा माणूस एकच.” मग ती दाराशी आली. “आत कोण आहे?”

“मी,” मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

“मी म्हणजे कोण?”

“यांची वहिनी. परगावची हवा मानवलेली.”

बाईला हसू आलं असावं, कारण ती एकदम खोकली. दिराला मात्र आला घाम. दिसला नाही, पण त्याच्या चपला जागच्या जागी वळवळत होत्या. “वहिनी, अहो हे काय चालवलंय तुम्ही? मॅडम, त्यांची तब्येत जरा... म्हणजे धक्का बसल्यापासून...”

“किल्ली द्या,” बाई म्हणाली.

“किल्ली खाली असेल. बघतो हं.” आणि चपला खाडखाड जिना उतरून गेल्या. किल्ली त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती. कुलूप लावल्यावर तो ती तिथेच टाकतो, हे मला माहीत होतं.

आम्ही दोघीच उरलो. मधे दार. बाई बाहेरच्या पायरीवर बसली असावी, कारण तिचा आवाज आता खालून, माझ्या कानाच्या पातळीवरून यायला लागला.

“हे बघा बाई,” ती म्हणाली, “मी तुम्हाला सरळ सांगते. तुम्ही इथे राहता असा जबाब दिलात तर मी तो नोंदवीन. भोगवटादार म्हणून तुमचं नाव चढेल. मग तुम्हाला नोटीस दिल्याशिवाय, तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय इथे गोदाम होत नाही.”

भोगवटादार! म्हणजे जागेत राहणारा. बारा वर्षं त्या रकान्यात मी आडवी रेघ मारत आले. हा शब्द ज्याने काढला त्याने सासरचं घर नक्की पाहिलेलं असणार. मालकाला घर आणि राहणाऱ्याला भोग.

“पण,” बाई म्हणाली. पण असणारच, सरकारी वाक्यात तो असतोच. “फॉर्मवर सह्या तुमच्या आहेत. मागचेही बहुतेक तुमचेच असतील?”

“सगळे.”

“खोटी माहिती दिल्याचा दंड सही करणाऱ्यावर बसतो. मालकावर नाही. शिवाय बारा वर्षांच्या पट्टीचा फरक. मालक म्हणेल, मला काही माहीत नव्हतं, वहिनींनी परस्पर भरलं. मी काही करू शकणार नाही.”

“किती होईल?”

तिने आकडा सांगितला. यांच्या पाठीमागे जे काही बँकेत राहिलं आहे, त्यातलं निम्म्याहून जास्त जाईल एवढा तो होता.  धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गप्प राहावं तर बिनखिडकीची खोली, आणि बोलावं तर ज्यांच्या दारातून रोज जायचं-यायचं त्यांच्याशी जन्माचं वैर, वर खिसा रिकामा. आणि गंमत म्हणजे दोष कोणाला देणार? दिराने मला कधी बळजबरीने लिहायला लावलं नव्हतं. जावेने हात धरून सही करवली नव्हती. आमच्या ह्यांनी ‘कागद कशाला हलवायचा’ म्हटलं ते लाडात म्हटलं होतं. मला तिघांचाही राग आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या अक्षराचा आला.

खाली दीर आणि जाऊ कुजबुजत होते. “तुला सांगत होतो,” “मला काय माहीत,” एवढंच कळलं. माझ्यासमोर भिंत होती. भिंतीला पाठ टेकून टेकून, डोकं जिथे येतं तिथे, तेलाचे दोन डाग पडले आहेत, एक जरा उंचावर, एक खाली. रिकाम्या घराच्या भिंतीला असले डाग कसे पडतात ते गोदामवाल्यांनी मला सांगावं. गाद्यांची चवड लागली की ते झाकले जाणार होते.

“जबाब द्या इकडे,” मी म्हटलं. “लिहिते.”

“नीट विचार केलात?”

“विचार करून आजवर काही लिहिलं नाही. आज तरी लिहू दे.”

तिने दाराखालून एक छापील कागद सरकवला. मी फरशीवर पालथी पडून तो भरायला घेतला. नाव. वय. राहता भाग, वरचा मजला, दोन खोल्या आणि सज्जा. पूर्वीची माहिती कोणी भरली? ‘मी.’ ती खरी होती काय? ‘नाही.’ एवढं लिहिलं आणि अंगातलं वारं गेलं. आता मागे फिरणं नव्हतं.

खाली एक तक्ता होता. वर्षवार, राहणाऱ्या व्यक्तींची संख्या. बारा ओळी. घरपट्टीच्या फॉर्मातही असाच तक्ता असतो; आजवर मी त्यात एक लांब रेघ ओढून खाली शून्य मांडत असे. पहिल्या ओळीत लिहिलं, दोन. दुसऱ्या ओळीत दोन. तिसरी, चौथी, दोन, दोन. आम्ही दोघं इथे होतो हे आजवर कुठल्याच कागदावर नव्हतं. सातव्या ओळीपर्यंत हात भराभर चालला, आणि आठव्या ओळीवर थांबला.

“बाई,” मी म्हटलं, “आहात ना?”

“आहे.”

“वर्षाच्या मधेच एक माणूस गेलं तर काय लिहायचं?”

बाहेर कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “वर्षाच्या पहिल्या तारखेला घरात जेवढे होते तेवढे धरतात.”

पहिल्या तारखेला हे होते. मला तो दिवस मुद्दाम आठवत नाही, काही घडलंच नसेल. पण होते. त्यानंतर सात महिन्यांनी गेले. मी आठव्या ओळीत लिहिलं, दोन. सगळ्यात सुरेख दोन मी त्या ओळीत काढला, आणि मग मला काही दिसेना. कागद भिजू नये म्हणून मी तो बाजूला सरकवला आणि पदर तोंडाशी धरून, बारा वर्षांत पहिल्यांदाच, पाहणीच्या वेळी, मोठ्याने रडले. बाहेरच्या बाईने एक शब्द काढला नाही. तिचे उपकार आहेत.

जिन्यावर पुन्हा चपला वाजल्या. या वेळी सावकाश. कुलपात किल्ली घातल्याचा आवाज झाला.

“वहिनी,” दीर बाहेरून म्हणाला, “सापडली बरं का. खिशातच होती माझ्या. उघडू?”

तक्त्यात चार ओळी अजून बाकी होत्या. मी डोळे पुसले, कागद पुढे ओढला आणि नवव्या ओळीत लिहिलं, एक.

“थांबा भाऊजी,” मी म्हटलं. “माझं अजून लिहून व्हायचंय.”